सोलर बदलायच्या आधी: जुन्या सोलर वॉटर हीटरची तपासणी आणि डागडुजी

मार्गशीर्ष लागला की आमच्या लातूरच्या घरात एक तक्रार ठरलेली. आई बादलीत हात घालून म्हणायची, "आजबी कोमटच आलंय." सोलर बसवून बारा वर्षं झाली होती. बघायला आलेल्या मिस्त्रीने जिन्यातूनच वर नजर टाकली, वय विचारलं आणि सांगितलं, "संपलं याचं, नवा बसवा." एकाही ट्यूबला त्याने हात लावला नव्हता. मग आम्हीच आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वर जाऊन एकेक गोष्ट पाहिली. तीन ट्यूबा गेलेल्या, हवेच्या पाइपात मातीचं घरटं, आणि खालच्या बाथरूमचा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, गरम पाण्यात गार पाणी सोडत होता. टाकी मात्र ठणठणीत. त्या सोलरने पुढे चार हिवाळे काढले, आणि नवा घ्यायची वेळ आली तेव्हा तो भर उन्हाळ्यात, पारखून घेता आला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी मोजा, मग साफ करा, मग दुरुस्त करा, आणि तरी भागत नसेल तरच बदला. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. ज्या क्षारांनी जुना सोलर आजारी पडला, तेच क्षार नव्याचीही वाट बघत असतात. त्यामुळे जुन्याचा आजार नेमका कळला, तर नव्यावर घातलेले पैसेही टिकतात.

पुढचं सगळं साध्या सोलरबद्दल आहे: गार पाण्याची टाकी उंचावर, तिच्याखाली सोलरची आडवी टाकी, आणि त्यात खोचलेल्या काचेच्या ट्यूबा किंवा काचेखालचा काळा पत्रा. पाणी तापून हलकं होतं, आपोआप वर चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. तुमच्या सोलरला प्रेशर पंप जोडलेला असेल, किंवा ट्यूबांच्या आत पाण्याऐवजी तांब्याच्या दांड्या असतील, तर तो स्वतः खोलू नका. त्याला कंपनीचाच माणूस बोलवा.

आधी दोन आकडे घ्या

स्वयंपाकात वापरतात तसा शंभर अंशांपर्यंत मोजणारा डिजिटल थर्मामीटर आणा. तापाचा चालत नाही, तो बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जात नाही. आभाळ स्वच्छ असलेला दिवस निवडा. संध्याकाळी पाचच्या सुमारास, सोलरच्या सगळ्यात जवळच्या नळाला, पाइपातलं गार पाणी जाऊ देऊन मग बादलीत मोजा. त्या रात्री गरम पाण्याला कोणी हात लावू नये, आणि पहाटे सहाला पुन्हा मोजा. दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा.

पाइपातलं पाणी जाऊ द्या म्हणतो, कारण अर्ध्या इंची पाइप पंधरा मीटर लांब असेल तर त्यातच दोन-अडीच लिटर गार पाणी उभं असतं. "आधी गार येतं" ही तक्रार बऱ्याचदा एवढीच असते. गच्चीवरच्या उघड्या पाइपाला फोमची नळी चढवली की पाणी वाटेत निवायचं कमी होतं.

आता आकडे वाचा. चांगला सोलर हिवाळ्यातही दिवसभराच्या उन्हावर पंचावन्न-साठ अंशांच्या आसपास पाणी देतो. संध्याकाळचाच आकडा चाळीसच्या घरात असेल तर पाणी तापतच नाही: ट्यूबा, सावली, धूळ किंवा क्षार पाहा. संध्याकाळी कढत आणि पहाटे कोमट असेल, तर तापलेलं पाणी रात्री निवतंय किंवा उलटं जातंय. रात्रीत पाच-सात अंश उतरणं चालायचंच. पंधरा-वीस उतरत असतील तर काहीतरी बिघडलंय. आणि सोलरजवळचा नळ कढत, पण बाथरूमचा कोमट, असं असेल तर सोलर निर्दोष आहे. दोष खाली, नळांत आहे.

मिक्सरची चाचणी

आकडे घेतल्यावर ही चाचणी मी सगळ्यात आधी करायला सांगतो, कारण तिला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. गच्चीवर जाऊन सोलरला येणाऱ्या गार पाण्याचा वॉल पूर्ण बंद करा. मग खाली घरातली गरम पाण्याची एक तोटी उघडी ठेवा. सोलरच्या टाकीत नवीन पाणी येत नसल्यामुळे थोड्या वेळात धार बारीक होऊन थांबायला हवी. ती थांबली नाही, वाहतच राहिली, तर घरात कुठेतरी गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. एकेक करून मिक्सर बंद करत जा. बहुतेक वेळा शॉवरचा मिक्सर किंवा खाली-वर होणाऱ्या एकाच दांड्याचा नळ सापडतो. आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी मिसळणारा सुटा भाग, बदललं की काम होतं. आमच्याकडे एवढ्यानेच पाणी जाणवेल इतकं गरम झालं.

दुसरी चाचणी उलट दिशेची. संध्याकाळी, कोणी पाणी वापरत नसताना, सोलरला गार पाणी आणणाऱ्या पाइपाला टाकीपासून दोन मीटर अंतरावर हात लावा. तो गरम लागला तर गरम पाणी मागे जातंय. तिथला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा वॉल, क्षारांमुळे अर्धवट उघडा अडकलेला असतो. खोलून साफ करा किंवा बदला.

ऊन, सावली आणि शेजाऱ्याची भिंत

सोलर बसवला तेव्हा दक्षिणेला मोकळं होतं. बारा वर्षांत शेजाऱ्याने मजला चढवला, नाहीतर लिंब वाढला. ही सावली उन्हाळ्यात दिसत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीची सावली सोलरवर पडतच नाही. डिसेंबरअखेर मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवरच असतो. म्हणजे दहा फुटी भिंतीची सावली दुपारी बारालाही नऊ फुटांवर जाते, सकाळी नऊला तर त्याहून कितीतरी लांब. म्हणून पौषात एक दिवस सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन ट्यूबांवर सावली कुठे पडते ते पाहा, खडूने स्लॅबवर रेघ मारा. सोलर चार-पाच फूट सरकवून प्रश्न सुटत असेल तर नवा कशाला?

धूळ विसरू नका. दिवाळीनंतर पाऊस नसतो, आणि रस्त्याकडेच्या घरांत ट्यूबांवर बोटाने नाव काढता येईल इतकी माती बसते. पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा फवारा मारू नका.

ट्यूबा एकेक तपासा

ट्यूबच्या खालच्या टोकाकडे वाकून पाहा. निरोगी ट्यूबच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा थर. दोन काचांच्या मधल्या पोकळीत निर्वात जागा आहे, आणि आत शिरलेली थोडीफार हवा हा थर शोषून घेतो. ही निर्वात जागा हवेने भरली की हाच डाग दुधासारखा पांढरा होतो. एकदा पाहिला की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. भर दुपारी हाताने चाचपूनही कळतं: चांगली ट्यूब बाहेरून जेमतेम कोमट लागते, गेलेली तापलेली असते, कारण आतली उष्णता बाहेर पडत असते. अशी ट्यूब दिवसा कमी तापवते आणि रात्री तापलेलं पाणी थंडही करते. वीसपैकी तीन-चार गेल्या तरी पहाटेचा आकडा पडतो.

बदली ट्यूब आणायला जाताना माप घेऊन जा. ४७ मिलिमीटर जाडीची आणि १५०० लांबीची, किंवा ५८ जाडीची आणि १८०० अथवा २१०० लांबीची, अशी मापं बाजारात चालतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. सोबत तितक्याच सिलिकॉनच्या रिंगाही घ्या. जुनी रिंग कडक झालेली असते, ती पुन्हा वापरली की तिथूनच ठिबकतं.

काढण्याचं काम पहाटेच करा. आदल्या संध्याकाळी गरम पाणी वापरून टाका, गार पाण्याचा वॉल बंद करा, टाकी खालच्या ड्रेनने रिकामी करा. दुपारी टाकीतलं पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर असू शकतं, आणि ट्यूब निसटली तर ते अंगावर येतं. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट हवेत. आणि एकट्याने वर जाऊ नका. रिंगेभोवती साबणाचं पाणी सोडा, ट्यूब हळू फिरवत वर सरकवा, खालचं टोक स्टँडवरच्या कपातून सुटलं की खाली ओढून घ्या. ५८ च्या १८०० लांबीच्या ट्यूबमध्ये पावणेतीन लिटर पाणी असतं, त्यामुळे ती वाटते त्याहून जड लागते.

पहिली ट्यूब उपडी केली तेव्हा आधी पाणी आलं, मग दाट तपकिरी गाळ, आणि शेवटी अंड्याच्या कवचासारख्या पांढऱ्या पापड्या खळकन बादलीत पडल्या. ट्यूबचा खालचा वीतभर भाग त्यांनीच भरला होता. पाण्यातले विरघळलेले बायकार्बोनेट तापवल्यावर कार्बोनेट होऊन खाली बसतात. चहाच्या पातेल्यात जे होतं तेच इथे रोज होतं.

क्षार काढणं

यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व पुरेसं आहे. ट्यूबा काढून सावलीत, गोणपाटावर टेकवून उभ्या करा. तीन लिटर कोमट पाण्यात शंभर-दीडशे ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून ट्यूबमध्ये भरा आणि रात्रभर ठेवा. सुरुवातीला बुडबुडे येतील, ते थांबले की काम झालं. लांब दांड्याच्या मऊ ब्रशने आतून घासा, तीनदा धुवा. ब्रशची तार उघडी असेल तर तिला चिंधी गुंडाळा. आतल्या काचेवर ओरखडा पडला की ट्यूब तिथूनच तडकते.

टाकीसाठी, ट्यूबा काढल्यावर उघड्या पडलेल्या भोकांतून पाइपाने जोरात पाणी मारून गाळ ड्रेनने काढा. टाकीत बॅकअपची, म्हणजे विजेवर पाणी तापवणारी, कॉइल असेल तर मेन स्विच बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून ती खोलून घ्या. त्या भोकातून आतला थर हाताने खरवडता येतो, आणि कॉइलवरचं कवचही काढता येतं.

संडास धुवायचं ॲसिड मात्र स्टीलच्या टाकीत घालू नका. "एकदम साफ होतं" असं सांगणारे भेटतात, आणि खरंच साफ होतं. पण त्यातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलला, विशेषतः वेल्डिंगच्या रेघेवर, बारीक छिद्रं पाडतो. सहा महिन्यांनी टाकी गळते आणि दोष वयाला जातो. हेच ॲसिड ब्लिचिंग पावडरीत मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

तुमचा सोलर काळ्या पत्र्याचा असेल तर क्षार त्याच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत बसतात. तिथे ब्रश पोचत नाही. लहान पंपाने द्रावण फिरवून साफ करावं लागतं, आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावं. बोअरच्या पाण्यावर या नळ्या चोंदतात, हे जड पाण्याच्या गावांत सगळ्यांना माहीत आहे.

टाकी उघडी आहे तोवर ॲनोड रॉडही पाहून घ्या. हा मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. अनेकांना तो आपल्या टाकीत आहे हेच ठाऊक नसतं. काढल्यावर नुसती तार उरली असेल तर त्याने काम चोख केलंय. नवा घाला, आणि आपल्या पाण्यात दरवर्षी पाहा.

हवेचा पाइप

टाकीच्या माथ्यावरून वर गेलेला उघडा पाइप दिसायला क्षुल्लक, पण टाकीचा श्वास त्यातून चालतो. तो बंद असताना तापलेल्या पाण्याची वाफ कोंडते. उलट, पाणी वेगाने उपसलं गेलं तर आत पोकळी होऊन टाकीचा पत्रा चेपतो. आमच्या पाइपात कुंभारमाशीने मातीचं घरटं केलं होतं, बोटभर लांब, वाळून टणक झालेलं. सायकलच्या स्पोकने ते फोडलं. पाइपाचं तोंड गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवं, आणि त्यावर बारीक जाळी बांधावी. प्लास्टिकची पिशवी कधीही नाही.

टंचाईच्या दिवसांत

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा शहरात कित्येक गच्च्यांवर टाक्या कोरड्या होत्या. टँकरवर दिवस काढताना सोलरकडे कोणाचं लक्ष जाणार? पण सोलर मरतो तो अशाच वेळी. रिकामी ट्यूब उन्हात दोनशे अंशांच्या वर तापते. दुपारी टँकर आला, पाणी चढवलं, आणि ते गार पाणी त्या काचेला लागलं की ट्यूबा फटाफट तडकतात. पाणी जाणार हे कळलं की ट्यूबांवर जुनी चादर किंवा गोणपाट पसरून दोरीने बांधून टाका, आणि पुन्हा भरायचं ते पहाटेच, उजाडायच्या आधी.

गोणपाटाचा दुसराही उपयोग आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा शेतांबरोबर गच्च्यांवरच्या काचाही फुटल्या. हवामान खात्याने गारपिटीचा इशारा दिला की तेच गोणपाट दुहेरी करून टाका.

गिझर जोडलेला असेल तर

ढगाळ दिवसांसाठी बहुतेकांकडे गिझर असतो, आणि तोही तितकाच जुना. तापताना खदखद आवाज येणं म्हणजे कॉइलवर क्षार. सेफ्टी वॉलमधून तापताना दोन-चार थेंब पडणं ठीक. सतत गळत असेल तर वॉल बदला, पण त्याचं तोंड बुच मारून बंद करू नका. सेफ्टी वॉल बुजवलेला गिझर फुटू शकतो. पाण्याला हात लावल्यावर किंचितही झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बंद करून अर्थिंग तपासून घ्या. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवणं हा या लेखातला एकमेव खर्च आहे जो मी प्रत्येकाला करायला सांगेन. दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा.

आणि एक कळकळीची विनंती. सोलर बंद आहे म्हणून गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावू नका, ऊब म्हणून कोळशाची शेगडी दार लावलेल्या खोलीत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चार दिवस काढायचेच असतील तर परसात बंब पेटवा. तुराट्या-पऱ्हाट्या गावाकडून येतात, आणि उघड्यावर धूर कोंडत नाही.

कधी थांबायचं

आतली टाकी गळू लागली की थांबा. बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या शिवणीतून तांबूस पाणी झिरपतं, तिथला पफ, म्हणजे टाकीभोवतीचा ऊब धरणारा फोम, ओला होऊन फुगतो, आणि ओला पफ ऊब धरत नाही. आतल्या पातळ स्टीलला वेल्डिंग करून देणारे आहेत, पण एक छिद्र बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. स्टँडचे पाय गंजून पोकळ झाले असतील तर मात्र वाट पाहू नका. दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो पाणी, आणि खाली लेकरं खेळत असतात. निम्म्याहून जास्त ट्यूबा गेल्या असतील तर ट्यूबा, रिंगा आणि मजुरी यांची बेरीज नव्या सोलरच्या किमतीशी ताडून पाहा.

हिशेब करताना विजेचाही आकडा धरा. दोनशे लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण आठ युनिट लागतात. सोलर बंद ठेवून दोन किलोवॅटचा गिझर रोज दोन तास चालवला तर महिन्याला १२० युनिट वाढतात, आणि तेवढ्यात बिलाचा टप्पा बदलतो.

नवा घ्यायच्या आधी बोअरचं पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ते होतं. नुसता टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा, आकडा पुरत नाही, 'एकूण कठीणपणा', म्हणजे पाणी किती जड आहे, ते विचारा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तुमचा आकडा सहाशेच्या आसपास असेल तर तांब्याच्या नळ्यांचा साधा सोलर घेऊ नका. ट्यूबांचा घ्या, आतली टाकी कशाची आहे ते बिलावर लिहून घ्या, ड्रेन वॉल हाताला येईल असा मागा, आणि सॉफ्टनरचा, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचा, खर्चही त्याच वेळी मांडा. माप ठरवताना बादलीने आंघोळ असेल तर माणशी पंचवीस लिटर गरम पाणी धरा, भांड्यांचं वेगळं.

खरेदी चैत्र-वैशाखात करा. तेव्हा मिस्त्री मोकळा असतो, दुकानदार नीट बोलतो, आणि घरात कोणी गार पाण्याने कुडकुडत नसतं. जुन्यातल्या चांगल्या ट्यूबा भंगारवाल्याला देऊ नका. नव्याचं माप तेच असेल तर चार-सहा जपून ठेवा, पुढच्या गारपिटीला उपयोगी पडतात. काळ्या पत्र्याचा सोलर असेल तर आतलं तांबं वेगळं तोलून घ्या. आमच्या जुन्या टाकीच्या स्टँडला एक पत्र्याची पट्टी बांधलेली होती, तिच्यावर ऑइल पेंटने तारखा लिहिलेल्या: ट्यूबा कधी धुतल्या, रॉड कधी बदलला. ती सोडवून नव्या स्टँडला बांधली आहे; पहिली तारीख अक्षय्य तृतीयेची आहे.